चुळबुळ, चाळा आणि चाळे
‘फिजेट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उपयोग

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात बोरी अरब हे गाव आहे. दारव्हा-यवतमाळ रस्त्यावरचे, अडाण नदीकाठचे, कपाशीच्या शिवाराचे हे गाव. समजा, या गावातील एखाद्या शाळेत चौथीचा इंग्रजीचा तास चालू आहे. मागच्या रांगेतील एक मुलगा मांडी बदलतो, पाटीची दोरी बोटाला गुंडाळतो व सोडतो, शेजारच्याच्या दप्तराकडे वाकतो, पुन्हा सरळ बसतो. पाच मिनिटांत हे सर्व दहा वेळा होते. गुरुजी फळ्याकडून वळतात आणि म्हणतात, ‘चुळबुळ करू नकोस.’ याच वाक्याला इंग्रजीत ‘डोन्ट फिजेट’ असे म्हणतात.

येथवर सर्व सोपे आहे. परंतु वर्ष संपताना त्याच गुरुजींना नोंदवहीत त्या मुलाविषयी एक ओळ लिहावयाची असते. तेथे कोणता शब्द येतो? ‘चुळबुळ करतो’, ‘चंचल आहे’, ‘वर्गात चाळे करतो’, ‘बेशिस्त आहे’ यांपैकी कोणताही येऊ शकतो. घडलेली गोष्ट एकच असते. पण या चार नोंदींतून चार निरनिराळी मुले उभी राहतात. म्हणून एका लहानशा इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने आपल्याच भाषेतील शब्दांचा थोडा अभ्यास करणे शिक्षकांस, तसेच कार्यालयात व पंचायतीत काम करणाऱ्यांसही उपयोगी पडेल.

शब्दाचे रूप

‘फिजेट’ या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग एफ, आय, डी, जी, ई, टी असे आहे. त्यातील ‘डी’ आणि ‘जी’ मिळून ‘ज’ हा एकच उच्चार होतो. खरा उच्चार ‘फिजिट’ याच्या जवळचा आहे. मराठीत मात्र ‘फिजेट’ असे लिहिण्याचा प्रघात पडला आहे. शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर असल्यामुळे ‘फिजेटेड’, ‘फिजेटिंग’ ही रूपे करताना शेवटचा ‘टी’ दुप्पट होत नाही. विद्यार्थी येथे हमखास चुकतात.

हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आढळतो. त्याच्या आधी ‘फिज’ असे एक आखूड क्रियापद होते, त्याचाही अर्थ अस्वस्थपणे हलणे असाच होता. प्रारंभी ‘द फिजेट्स’ असे अनेकवचनी नाम विशेष वापरात होते. अंगात ताप भरावा तशी ही एक अवस्था अंगात शिरते, अशी त्यामागची कल्पना. आजही ‘ही हॅज गॉट द फिजेट्स’ असे म्हणतात. मराठीत आपण ‘त्याच्या अंगात आज काय शिरले आहे कोण जाणे’ असे म्हणतो, त्या जातीचा हा प्रयोग होय.

आजच्या वापरात या शब्दाची चार रूपे ध्यानात ठेवावीत.

पहिले, क्रियापद. ‘द चिल्ड्रन वेअर फिजेटिंग’ म्हणजे मुले चुळबुळ करीत होती. हे क्रियापद बहुधा अकर्मक असते. ‘अमुक गोष्टीने मला फिजेट केले’, म्हणजे बेचैन केले, असा सकर्मक प्रयोग आहे. पण तो आता क्वचितच आढळतो.

दुसरे, ‘विथ’ या शब्दयोगी अव्ययासह येणारे क्रियापद. ‘शी फिजेटेड विथ हर बँगल्स’ या वाक्यात संपूर्ण शरीराची हालचाल अभिप्रेत नाही; हाताची, आणि तीही एखाद्या वस्तूशी चाललेली हालचाल अभिप्रेत आहे. याचे भाषांतर ‘ती बांगड्यांसह चुळबुळत होती’ असे केले तर ते हास्यास्पद होईल. ‘ती बांगड्यांशी चाळा करीत होती’ हेच खरे मराठी.

तिसरे, व्यक्तिवाचक नाम. ‘ही इज अ फिजेट’ म्हणजे तो चुळबुळ्या आहे, एका जागी बूड टेकत नाही.

चौथे, विशेषण. ‘फिजेटी’ म्हणजे चुळबुळ करणारा. माणसाला, मुलाला, घोड्याला हे विशेषण लागते. वाऱ्याला किंवा नदीला सहसा लागत नाही.

जवळचे दोन शब्द

‘फिजेट’च्या शेजारी इंग्रजीत दोन शब्द आहेत आणि भाषांतरात त्यांची गफलत होते. ‘रेस्टलेस’ म्हणजे स्वस्थता नसलेला. हे मनाचेही वर्णन असू शकते आणि शरीराचेही. माणूस अगदी निश्चल बसलेला असूनही ‘रेस्टलेस’ असू शकतो. ‘फिजेटी’ मात्र असू शकत नाही, कारण ‘फिजेट’मध्ये डोळ्यांना दिसणारी हालचाल असलीच पाहिजे.

दुसरा शब्द ‘रेस्टिव्ह’. हा ऐकावयास ‘रेस्ट’ म्हणजे विश्रांती या शब्दासारखा वाटतो. त्याचा मूळ अर्थ जागचे न हलणारा असा होता. अडून बसणाऱ्या घोड्याला हे विशेषण लावीत. अडलेला घोडा पाय आपटतो, मान झटकतो, म्हणून पुढे त्याचाच अर्थ अस्वस्थ, आवरण्यास कठीण असा उलटा झाला. जमाव किंवा कर्मचारीवर्ग नाराज असून ताबा सुटण्याच्या बेतात असेल, तर ‘रेस्टिव्ह’ हा शब्द योग्य होय. मराठी वृत्तपत्रांत ‘पक्षात चुळबुळ सुरू झाली’ असे छापून येते. तेथे इंग्रजी करताना ‘फिजेट’ वापरल्यास पक्षाचे सभासद बाकावर मांड्या बदलीत आहेत असे चित्र उभे राहील. त्या ठिकाणी ‘रेस्टिव्ह’ किंवा तत्सम शब्द हवा.

मराठीची श्रीमंती

‘फिजेट’ला प्रतिशब्द शोधावयास गेलो की आपल्याच भाषेतील एक संपूर्ण कुटुंब समोर येते. चुळबुळ, वळवळ, तळमळ, तगमग, तडफड, घालमेल, उलघाल, चळवळ. यांतील बहुतेक शब्दांचे दोन्ही भाग एकमेकांशी यमक साधून उभे आहेत. एकदा होऊन थांबलेली हालचाल सांगावयाची असेल तर मराठी माणूस ‘हलला’ म्हणतो. हालचाल पुन्हा पुन्हा होत असेल, तर शब्दाचा नादही पुन्हा पुन्हा येतो. अर्थ आणि नाद यांची ही जोड इतकी सहज आहे की आपले तिकडे लक्षही जात नाही.

तथापि हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. प्रत्येकाचे क्षेत्र ठरलेले आहे.

‘चुळबुळ’ ही बसल्या जागची हालचाल. उठून पळणाऱ्या मुलाला आपण चुळबुळ करतो असे म्हणत नाही. बसणे भाग आहे आणि बसवत नाही, या दोहोंच्या मधली ही स्थिती आहे. ‘फिजेट’ला सर्वांत जवळचा शब्द हाच.

‘वळवळ’ ही किड्याची, गांडुळाची हालचाल. माणसाच्या बाबतीत हा शब्द वापरला की त्यात तुच्छता येते. ‘फार वळवळ करतोस’ हे वाक्य धमकीचे आहे.

‘तळमळ’ आतून येते. पाण्याबाहेर काढलेली मासोळी तळमळते, आजारी माणूस अंथरुणावर तळमळतो. पण ‘गावाच्या पाण्याच्या प्रश्नाची त्यांना तळमळ आहे’ असे आपण आदराने म्हणतो. शरीराची वेदना सांगणारा शब्द मनाच्या निष्ठेला लावला गेला.

‘तगमग’ उकाड्याने होते, ‘तडफड’ प्राणांतिक यातनेने. ‘घालमेल’ व ‘उलघाल’ मनाची. त्यांत शरीर हललेच पाहिजे असे नाही. हात ‘शिवशिवतात’ तेव्हा काही करावयाची अनावर इच्छा असते. पायाला ‘भिंगरी’ असते तेव्हा माणूस गावोगाव फिरत असतो.

‘चळवळ’ हा शब्द तर विशेष लक्ष देण्यासारखा आहे. चळणे आणि वळणे या दोन साध्या हालचाली त्यात ऐकू येतात. आज मात्र आपण स्वातंत्र्य चळवळ, सहकार चळवळ, ग्रंथालय चळवळ असे म्हणतो. अनेकांनी मिळून एका दिशेने केलेली हालचाल असा त्याला सामाजिक अर्थ प्राप्त झाला. चुळबुळीला दिशा नसते, चळवळीला असते. इंग्रजीतही साध्या हालचालीला आणि सार्वजनिक चळवळीला ‘मूव्हमेंट’ हा एकच शब्द आहे.

‘चाळा’ आणि ‘चाळे’

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या जोडीकडे वळू. ‘फिजेट विथ’ याला ‘चाळा करणे’ हा नेमका प्रतिशब्द आहे, हे वर आलेच आहे. हाताला काही तरी चाळा हवा, असे आपण म्हणतो. दारात बसून वाती वळणारी आजी किंवा बोलता बोलता काडीने जमिनीवर रेघा ओढणारा शेतकरी हाताला चाळा लावून बसलेला असतो. यात दोष कोणी मानीत नाही.

पण याच शब्दाचे अनेकवचन करून पाहा. ‘चाळे करतो’ असे म्हणताच अर्थ पालटतो. माकडचाळे, नको ते चाळे, असभ्य चाळे. हा शब्द तक्रारअर्जात येतो, पोलिसांच्या जबाबात येतो, वृत्तपत्राच्या गुन्हेवृत्तात येतो. ‘पेनाशी चाळा करतो’ ही एक निरीक्षणाची नोंद आहे. ‘वर्गात चाळे करतो’ हा आरोप आहे. दोहोंमध्ये फरक केवळ एका मात्रेचा.

महाराष्ट्रात २०१० पासून प्राथमिक शाळांतून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली आणि गुणांबरोबर वर्णनात्मक नोंदींना महत्त्व आले. शिक्षकाने लिहिलेले वाक्य पुढच्या वर्गाचे शिक्षक वाचतात, पालक वाचतात, कधी मूलही वाचते. म्हणून या एका मात्रेचा विचार करावयास हवा. शब्द निवडताना एक साधी कसोटी लावावी. जे डोळ्यांना दिसले तेच शब्दात आले आहे, की आपला निकालही त्यात मिसळला आहे? ‘चुळबुळ’ व ‘चाळा’ हे दिसलेले सांगतात. ‘चंचल’ स्वभाव सांगतो. ‘द्वाड’, ‘बेशिस्त’, ‘चाळे’ हे निकाल देतात. इंग्रजी ‘फिजेट’ हा शब्द पहिल्या वर्गातला आहे. त्याचे भाषांतर करताना त्याला तिसऱ्या वर्गात ढकलू नये.

वऱ्हाडी बोलीची मदत

बोरी अरबच्या परिसरात घरची बोली वऱ्हाडी आहे. या बोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो. डोळा ‘डोया’ होतो, शाळा ‘शाया’ होते, काळा ‘काया’ होतो. त्याच नियमाने चुळबुळ ‘चुयबुय’ होते, तळमळ ‘तयमय’ होते, वळवळ ‘वयवय’ होते. दुसऱ्या विभागातून बदलून आलेल्या शिक्षकाला हे ठाऊक नसेल, तर ‘पोटात वयवय करते’ असे सांगणाऱ्या मुलाचे दुखणे त्याला कळणार नाही. ते मूल अशुद्ध बोलत नसून बोलीच्या नियमाने अगदी बिनचूक बोलत असते.

इंग्रजीच्या तासालाही ही बोली उपयोगी पडते. ‘ही इज फिजेटिंग’ या वाक्यातील अपूर्ण वर्तमानकाळ शिकविताना शिक्षकांस कष्ट पडतात. वऱ्हाडीत ‘तो चुयबुय करून राह्यला’ असा प्रयोग घरोघरी होतो. क्रिया या क्षणी चालू आहे, अजून संपलेली नाही, हा अर्थ त्यात स्वच्छ आहे. मुलाच्या ओठावर असलेल्या या वाक्यापासून आरंभ करून प्रमाण मराठीतील ‘तो चुळबुळ करीत आहे’ येथे यावे आणि तेथून इंग्रजीकडे जावे. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. त्या शिक्षणाची पहिली पायरी घरची बोलीच असली पाहिजे.

चुळबुळीचे मोजमाप

हालचालीचा हा प्रकार शास्त्रज्ञांनाही क्षुद्र वाटला नाही. बोटांच्या ठशांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८५ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात चुळबुळीच्या मोजमापावर एक छोटे टिपण लिहिले. एका कंटाळवाण्या सभेत ते श्रोत्यांकडे पाहत बसले होते. त्यांनी श्रोत्यांचा एक भाग निवडला आणि त्यातील माणसे किती वेळा हलतात ते मोजले. घड्याळ काढले तर लोकांच्या ध्यानात येईल, म्हणून स्वतःच्या श्वासांवर त्यांनी वेळ मोजला. मिनिटाला पंधरा श्वास हा त्यांचा हिशेब होता. कंटाळलेला श्रोता मिनिटाला सुमारे एकदा हलतो, असे त्यांना आढळले. व्याख्यान रंगले की हा वेग निम्म्याहूनही कमी होतो. लक्षपूर्वक ऐकणारी माणसे ताठ बसतात आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर राहतात. कंटाळलेली माणसे इकडे तिकडे कलतात. मुले क्वचितच स्थिर असतात, हेही त्यांनी नोंदविले.

ग्रामसभेच्या अध्यक्षस्थानी बसणाऱ्या सरपंचांनी किंवा प्रशिक्षणवर्गात बोलणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. श्रोत्यांची चुळबुळ वाढली की ‘शांत बसा’ असे सांगण्यापूर्वी आपले भाषण लांबले आहे काय, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचतो काय, मंडपात ऊन शिरले आहे काय, हे पाहावे. श्रोत्यांनी शब्दावाचून दिलेला तो अभिप्राय असतो.

चुळबुळ सर्वस्वी निरुपयोगी असते असेही नाही. १९९९ साली अमेरिकेत जेम्स लिव्हाईन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा प्रौढांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा एक हजार उष्मांक अधिक अन्न दिले. काहींचे वजन फार वाढले, काहींचे थोडेच. ज्यांच्या दैनंदिन बारीकसारीक हालचाली, ज्यांत चुळबुळही आली, अधिक वाढल्या त्यांच्या अंगी चरबी कमी साठली. मुलांवरील संशोधनातूनही असे दिसून आले आहे की, मनात एकाच वेळी बऱ्याच गोष्टी धरून ठेवण्याचे काम दिले असता मुलांची हालचाल वाढते. म्हणजे हलणारे मूल लक्ष देतच नाही, असा निष्कर्ष सरसकट काढता येत नाही. कदाचित ते लक्ष टिकविण्याचा प्रयत्न करीत असेल.

२०१७ च्या सुमारास ‘फिजेट स्पिनर’ नावाची बोटांवर फिरविण्याची चकती जगभर विकली गेली. तिने लक्ष एकाग्र होते असा विक्रेत्यांचा दावा होता. त्याला ठोस आधार मिळाला नाही. आपल्याकडे तिला भिंगरी म्हटले तर कोणालाही समजेल, आणि भिंगरीने अभ्यास होत नाही हेही सर्वांना ठाऊक आहे.

स्वभाव, दोष आणि आजार

चुळबुळ्या मुलाकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलत गेली, हेही शब्दांच्या इतिहासावरून कळते. १८४० च्या दशकात हाइनरिख होफमान या जर्मन डॉक्टरांनी मुलांसाठी सचित्र पद्ये लिहिली. त्यांत जेवणाच्या मेजावर खुर्ची झुलवीत राहणारा आणि शेवटी मेजावरील कापडासह सर्व अन्न खाली ओढून घेणारा फिलिप नावाचा मुलगा आहे. इंग्रजीत त्याला ‘फिजेटी’ हे विशेषण मिळाले. तेथे तो केवळ वात्रट मुलगा आहे. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी व्याख्याने दिली. ज्यांना स्वतःला आवरता येत नाही अशा मुलांचे त्यांनी वर्णन केले आणि त्यास ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ असे नाव दिले. वर्णन वैद्याचे होते. नाव मात्र न्यायाधीशाचे वाटते. १९८७ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत ‘अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर’, म्हणजे अवधानाची कमतरता व अतिचंचलता, हे नाव आले. नीतीचा उल्लेख गेला आणि अवधानाचा आला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पूर्वी प्रत्येक चुळबुळ्या मुलाला द्वाड म्हणत. आता प्रत्येकाला हा विकार चिकटविण्याची घाई होऊ नये. २०१३ च्या निदान-पुस्तिकेत हातपाय हलविणे व जागेवर चुळबुळणे हे नऊ लक्षणांपैकी केवळ एक आहे. अतिचंचलतेच्या निदानासाठी मुलामध्ये त्यांपैकी किमान सहा लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ असावी लागतात. काही लक्षणे वयाच्या बारा वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात, तसेच घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. हे निदान तज्ज्ञाने करावयाचे असते. शिक्षकाचे काम पाहणे, नेमके लिहिणे आणि पालकांना योग्य ठिकाणी पाठविणे हे आहे.

कारण शोधण्याची रीत

बोरी अरबच्या त्या काल्पनिक वर्गाकडे पुन्हा जाऊ. मागच्या रांगेतील मुलगा का चुळबुळ करीत होता? ‘फिजेट’ हा शब्द हालचाल सांगतो, कारण सांगत नाही. ते आपण शोधावयाचे असते. अनुभवी शिक्षक प्रथम साध्या कारणांपासून आरंभ करतात.

मूल उपाशी आहे काय? कापूस वेचणीच्या दिवसांत घरची मोठी माणसे सकाळीच शेतावर जातात. दुपारच्या शालेय आहारापर्यंतचा वेळ अशा मुलाला लांब वाटतो.

मुलाला लघवीला जावयाचे आहे काय? स्वच्छतागृहाला पाणी नसेल, दाराला कडी नसेल, तर मुले, विशेषतः मुली, तास न् तास आवरून बसतात. त्यांची चुळबुळ हा शिस्तीचा नव्हे तर बांधकामाचा प्रश्न असतो.

जंत झाले आहेत काय? सुतासारख्या बारीक जंतांमुळे गुदद्वाराजवळ खाज सुटते, रात्री झोप लागत नाही आणि दिवसा मूल बसू शकत नाही. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची गोळी देण्यात येते. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची नावे पाहून त्यांना नंतर गोळी मिळते की नाही, याकडे शाळेने लक्ष ठेवावे.

फळा दिसतो काय, ऐकू येते काय? मान वाकवून शेजाऱ्याच्या वहीत पाहणारे मूल नक्कल करीत असेल असे नाही. त्याला फळाच दिसत नसेल. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून मुलांची तपासणी करतात. पथक येईल तेव्हा अशा मुलांची नावे शिक्षकांनी आवर्जून पुढे करावीत.

पत्र्याखाली उकाडा होतो काय? विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तरीही मार्च-एप्रिलमधील दुपार मुलांना सोसावी लागतेच. ती चुळबुळ नव्हे, तगमग असते.

धडा फार सोपा किंवा फार अवघड आहे काय? समजलेले पुन्हा ऐकणारे मूल आणि काहीच न समजलेले मूल, दोघेही सारखीच चुळबुळ करतात.

यांतील निम्मी कारणे शिक्षकाच्या हाती नाहीत. ती ग्रामपंचायतीच्या व शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती आहेत. म्हणूनच हा विषय केवळ भाषेच्या तासाचा नाही. ‘वर्गात मुले चुळबुळ करतात’ हे वाक्य समितीच्या सभेत आले, तर त्याचे उत्तर स्वच्छतागृहाची कडी, पंखा, पिण्याचे पाणी किंवा आरोग्य तपासणी असू शकते. छडी हे उत्तर असूच शकत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार मुलास शारीरिक शिक्षा करण्यास वा मानसिक त्रास देण्यास बंदी आहे.

नोंद कशी लिहावी

वरील विवेचन लक्षात घेऊन दोन नोंदी ताडून पाहाव्यात.

पहिली नोंद : ‘चंचल. वर्गात चाळे करतो. लक्ष नाही.’

दुसरी नोंद : ‘दुपारच्या तासांना चुळबुळ अधिक. हाताला चाळा असल्यास गोष्ट नीट ऐकतो व प्रश्नांची उत्तरे देतो. दृष्टीची तपासणी करून घ्यावी.’

दुसरी नोंद काही शब्दांनी मोठी आहे. पण पहिलीवरून कोणालाही काही करता येत नाही, आणि दुसरीवरून पुढच्या शिक्षकाला, पालकाला, आरोग्य पथकाला आपापले काम कळते. शासकीय लेखनात नेमका शब्द वापरावा असा आग्रह आपण धरतो. पारिभाषिक शब्दांसाठी आपणाजवळ भाषा संचालनालयाचे कोश आहेत. परंतु चुळबुळ, चाळा, तगमग अशा बोलत्या शब्दांची निवड कोणताही कोश आपल्यासाठी करून देत नाही. ती समोरच्या माणसाकडे पाहूनच करावी लागते.

अभ्यासासाठी

पुढील इंग्रजी वाक्यांचे मराठी करताना प्रत्येक ठिकाणी ‘चुळबुळ’ चालेल काय, याचा विचार विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा.

१. ‘द ऑडियन्स बिगॅन टु फिजेट.’ – श्रोत्यांत चुळबुळ सुरू झाली.

२. ‘ही फिजेटेड विथ द बटन ऑफ हिज शर्ट.’ – तो सदऱ्याच्या गुंडीशी चाळा करीत राहिला.

३. ‘शी स्पेंट अ रेस्टलेस नाइट.’ – तिने रात्र तळमळत काढली.

४. ‘द क्राउड ग्रू रेस्टिव्ह.’ – जमाव अस्वस्थ होऊ लागला.

५. ‘व्हाय आर यू फिजेटिंग?’ – का रे, चुळबुळ का करतोस?

पाचव्या वाक्यावर शिक्षकांनी थोडे थांबावे. त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे. ‘चुळबुळ करू नकोस’ ही आज्ञा आहे. तिला उत्तर नसते, फक्त गप्प बसणे असते. ‘चुळबुळ का करतोस?’ किंवा बोरी अरबच्या मुलाला त्याच्याच बोलीत ‘कायले चुयबुय करून राह्यला रे?’ असे मायेने विचारले, तर मूल उत्तर देते. फळा दिसत नाही म्हणते, पोटात वयवय करते म्हणते, भूक लागली म्हणते. ते उत्तर ऐकून पुढची व्यवस्था करावयाची असते.